गल्लीतलं प्लास्टिक गोळा करायचंय? आधी घेणारा शोधा

कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीत पहिल्यांदा प्लास्टिक गोळा केलं तेव्हा दोन तासांत पस्तीस पोती भरली. फोटो काढले, चहा झाला, सगळे खूश. सोमवारी भंगारवाले मामा आले. त्यांनी चार पोत्यांत हात घालून बघितलं, अकरा पोती बाजूला काढली आणि म्हणाले, "एवढंच माझं. बाकीचं तुमचं तुम्ही बघा." बाकीचं म्हणजे चिप्सची पाकिटं, रश्शाच्या तेलकट पिशव्या, थर्माकोलचे तुकडे, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, एक मोडकी बाहुली आणि कुणाच्या तरी न्हाणीघरातला अख्खा पडदा. तीन आठवडे ती पोती तालमीच्या मागच्या खोलीत पडून राहिली. उंदीर झाले. व्यायामाला येणारी पोरं नाक धरून यायला लागली. शेवटी एका सकाळी आम्ही ती मुकाट्यानं महापालिकेच्या टिपरमध्ये (कचरागाडीत) टाकली. म्हणजे जिथं ती तशीही जाणारच होती तिथंच गेली, फक्त महिनाभर उशिरा.

त्यानंतर आम्ही उलट्या टोकानं सुरुवात केली. आधी घेणारा ठरवला, तो काय घेतो ते विचारलं, आणि तेवढंच गल्लीकडून मागितलं. तुमच्या पेठेत, कॉलनीत, अपार्टमेंटमध्ये असं काही करायचं मनात असेल तर ज्या क्रमानं आम्ही शिकलो त्या क्रमानं नका करू. खालच्या क्रमानं करा.

पहिलं काम: माल जाणार कुठं?

घरातून निघालेली बाटली थेट कारखान्यात जात नाही. मधे साखळी असते. कचरावेचक किंवा फेरीवाला गोळा करतो, छोटा भंगारवाला विकत घेतो, मोठा व्यापारी प्रकार आणि रंग वेगळे करून गठ्ठे बांधतो, मग प्रक्रिया करणारा तो माल दळतो, धुतो, वितळवतो आणि त्याचा दाणा पाडतो. त्या दाण्यापासून पाईप, बादल्या, ताडपत्री, कचऱ्याच्या काळ्या पिशव्या होतात. पाण्याच्या बाटल्यांचा चुरा बहुतेक धाग्याकडे जातो. उशीत भरलेला पॉलिस्टरचा कापूस हा पुष्कळदा बाटल्यांचाच असतो.

नवख्या लोकांना वाटतं, शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला एमआयडीसी आहे, तिथं कुणीतरी प्लास्टिकवालं असेलच, थेट त्यालाच देऊ. विचारून बघायला हरकत नाही. पण प्रक्रिया करणाऱ्याला माल टनात लागतो, एका प्रकारचा लागतो आणि सतत लागतो. तुमची आठ पोती त्याच्या दारात म्हणजे त्याला डोकेदुखी. म्हणून एका गल्लीसाठी खरा घेणारा म्हणजे तुमच्याच भागातला भंगारवाला किंवा त्याच्या वरचा गोदामवाला. पाच-सहा गल्ल्या एकत्र आल्या तर गोष्ट वेगळी. तेव्हा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयात जाऊन नोंदणी असलेल्या प्रक्रिया करणाऱ्यांची चौकशी करा. नोंदणी नसलेल्यानं माल नेऊन कुठं ओढ्याकाठी पेटवला तर आपल्या कष्टाचा उपयोग काय?

भंगारवाल्याकडं जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका. घरातलं आठ दिवसांचं सगळं प्लास्टिक एका पिशवीत भरून न्या, त्याच्यासमोर ओता आणि एकेक वस्तू उचलून विचारा, "हे घेता? हे?" तासाभरात जे कळतं ते चार लेख वाचून कळत नाही. मग पुढचं विचारा. बाटलीचं टोपण काढून पाहिजे की लावून? पन्नी, म्हणजे पातळ पिशव्यांचा माल, घेणार का? निदान किती किलो झालं तर गाडी पाठवणार? पावसाळ्यात घेता का? पैसे जागेवर की नंतर? टोपणाचं मुद्दाम सांगते, कारण बाटली एका प्लास्टिकची आणि टोपण दुसऱ्या. कुणी ती वेगळी मागतो, कुणी म्हणतो असू दे, आमच्याकडं धुताना टोपण पाण्यावर तरंगतं आणि बाटलीचा चुरा खाली बसतो, आपोआप वेगळं होतं.

भावाचं एक लक्षात ठेवा. आज सांगितलेला भाव पुढच्या महिन्यात असेलच असं नाही. कच्चं तेल स्वस्त झालं की नवा दाणा स्वस्त होतो आणि जुन्या मालाला कुणी विचारत नाही. त्यामुळं "ह्यातून तालमीला मॅट घेऊ" असली गणितं पहिल्याच बैठकीत मांडू नका. आमच्याकडं एकानं मांडलं होतं. तो पुढं आलाच नाही.

तुमच्या आधी कोण गोळा करतं ते बघा

हे काम बऱ्याच मोहिमा विसरतात. सकाळी सहाला पाठीवर पोतं घेऊन गल्लीतनं जाणाऱ्या मावशी जे वेचतात ते नेमकं सगळ्यात चांगल्या भावाचं प्लास्टिक असतं: पाण्याच्या बाटल्या, तेलाचे कॅन, शाम्पूच्या बाटल्या. आपण हौसेनं तेच गोळा करून विकलं तर पर्यावरणाचं भलं शून्य, कारण ते प्लास्टिक नाहीतरी पुनर्वापरालाच जात होतं, आणि त्यांच्या रोजगारावर मात्र पाय. आमच्याकडं आता बाटल्या आणि कडक माल त्यांचा. मावशी महिन्यातून एकदा येतात, वर्गीकरणाला बसतात, त्याची मजुरी ठरलेली आहे आणि तो माल त्या घेऊन जातात. त्यांचा हात बसलेला असतो. आपण बाटली उलटी करून तळाचा आकडा शोधतोय तोवर त्यांनी दहा वस्तू तीन ढिगांत टाकलेल्या असतात. हातमोजे आणि चहा ही त्यांच्यावर मेहेरबानी नव्हे, तो कामाचाच भाग. आणि त्यांना 'अहो मावशी' म्हणा. गल्लीतल्या पोरांना हे वेगळं सांगावं लागलं, म्हणून लिहिलं.

महापालिकेच्या माणसांनाही आधीच भेटा. शहरात चार विभागीय कार्यालयं आहेत: गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट. तुमचं जे असेल तिथल्या आरोग्य निरीक्षकाला तारीख आणि जागा सांगून ठेवायची, आणि तुमच्या गल्लीत येणाऱ्या टिपरच्या चालकाला तर नक्कीच. वर्गीकरण झाल्यावर पोतं-दोन पोती उरतातच, ती त्याच दिवशी उचलली गेली पाहिजेत. साधा कागद द्या, दोन ओळींचा, आणि पोच घ्या. रस्त्यावर टेबल मांडणार असाल तर तो कागद कामाला येतो.

काय घ्यायचं: यादी जितकी छोटी तितकी बरी

पहिल्या महिन्यात दोनच गोष्टी घ्या. दुधाच्या पिशव्या आणि स्वच्छ, कोरड्या पातळ पिशव्या. हसू नका. बाटल्यांना वाली आहे, पिशव्यांना नाही. त्याच पिशव्या गटारीतनं जयंती नाल्यात आणि नाल्यातनं पंचगंगेत जातात.

दुधाच्या पिशवीचं वर्णन करावं तेवढं थोडं. प्लास्टिक एकाच प्रकारचं, मऊ, ताणलं की ताणलं जातं, आणि दर घरात रोज येतं. गोकुळ असो, वारणा असो, कोल्हापुरात दुधाला तोटा नाही. गंगावेशीच्या कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिणारा माणूस या हिशेबात नाही, पण बाकी सगळ्यांच्या घरात पिशवी येतेच. रिकाम्या अर्ध्या लिटरच्या पिशवीचं वजन साधारण अडीच ग्रॅम. म्हणजे किलोला चारशेच्या आसपास पिशव्या. रोज लिटरभर दूध घेणाऱ्या घरात महिन्याला ६० पिशव्या होतात, वजनानं जेमतेम दीडशे ग्रॅम. शंभर घरांनी दिल्या तर पंधरा किलो. आकडा लहान वाटतो. पण सहा हजार पिशव्या एकावर एक रचून बघा, किंवा त्या गटारीत अडकल्यावर जूनमध्ये गल्लीत पाणी कसं तुंबतं ते आठवा.

पिशवी कापायची पद्धत मात्र घरोघर शिकवावी लागते. आपण कोपरा कापतो आणि तो चिमुकला तुकडा ओट्यावरनं कचऱ्यात, नाहीतर मोरीत जातो. इतका छोटा तुकडा कुणीच वेचत नाही, वेचू शकत नाही. कोपरा अर्धवट कापायचा, तुकडा पिशवीलाच लटकत राहिला पाहिजे. दूध काढलं की त्यातच घोटभर पाणी घालून खळबळायचं, ते पाणी दुधात नाहीतर कुंडीत. पिशवी उलटी करून दोरीवर चिमट्याला लावायची. साबण लागत नाही. न धुतलेली पिशवी दुसऱ्या दिवशी आंबते आणि तिसऱ्या दिवशी तुमच्या मोहिमेची बदनामी करते.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून यादी वाढवा. तेल-तूप, शाम्पू, फिनेलच्या बाटल्या, डबे, झाकणं, मोडक्या बादल्या, मग, खुर्च्या. तळाला त्रिकोणात आकडा असतो. १ म्हणजे पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या बाटल्या. २ म्हणजे कॅन, शाम्पूच्या बाटल्या. ३ म्हणजे पीव्हीसी. ४ म्हणजे मऊ पिशव्या. ५ म्हणजे हॉटेलचे पार्सल डबे, बाटल्यांची बरीच टोपणं. ६ म्हणजे थर्माकोल आणि त्याच जातीचे कडकडीत कप. ७ म्हणजे उरलेलं सगळं. त्रिकोण दिसला म्हणजे ती वस्तू पुनर्वापरात जातेच असं मात्र नाही. तो फक्त जातीचा दाखला. घेणारा नसेल तर १ आकड्याचीही वस्तू कचराच.

आकडा नसेल तर बादलीभर पाणी घ्या. प्लास्टिकचा तुकडा कापून पाण्यात बुडवा, हवेचा बुडबुडा चिकटू देऊ नका आणि सोडा. वर आला तर २, ४ किंवा ५ पैकी, खाली बसला तर बहुतेक १, ३ किंवा ६. थर्माकोल या परीक्षेत बसत नाही, त्यात हवाच भरलेली असते. पोरांना हा खेळ फार आवडतो, शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनाही. भंगारवाले काडी पेटवून वासावरनं ओळखतात, ते मात्र करू नका. पीव्हीसीचा धूर वाईट असतो.

पातळ पिशव्यांसाठी हातानं चुरगाळून बघा. आवाज न करता ताणली गेली तर मऊ माल. कुरकुर आवाज आला, आतनं चांदीसारखी चकचकीत दिसली, म्हणजे बिस्किटं, चिप्स, शेव, शाम्पूच्या पुड्या, तर ती थरांची पन्नी. प्लास्टिकचे वेगवेगळे थर आणि मधे धातूचा मुलामा, ते एकमेकांपासून सुटत नाहीत. तिचा दाणा नीट पडत नाही. अशी पाकिटं फार तर सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातात, आणि तिथवर पोचवणारी व्यवस्था असेल तरच. व्यवस्था नसेल तर घेऊ नका, पाच-पन्नास शिव्या पडल्या तरी. दूध-ज्यूसच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचंही तेच. त्यांत तीन चतुर्थांश कागद असतो, बाकी प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचा थर.

कधीच घ्यायचं नाही ते असं: डायपर आणि सॅनिटरी पॅड, सुया आणि सलाइनच्या नळ्या, गोळ्यांच्या पट्ट्या, कीटकनाशकांच्या बाटल्या. शेवटचं उपनगरातल्या लोकांसाठी. फुलेवाडी, कळंबा, बावडा इकडं घराला लागून शेत असतं आणि औषधाचा डबा धुऊन आणला म्हणून तो धुतला जात नाही.

आणि खास कोल्हापूरची अडचण म्हणजे रस्सा. तांबडा-पांढरा पार्सल आणला की चार पातळ पिशव्या, गाठ मारलेल्या, आतनं तेल आणि खोबऱ्याचा थर. एक तेलकट पिशवी पोत्यातल्या पन्नास स्वच्छ पिशव्या खराब करते. गरम पाण्यानं धुवा म्हणावं तर पाणी आणि गॅस वाया. आम्ही सरळ सांगतो, रश्शाची पिशवी आणू नका, रश्श्याला डबा न्या. खानावळवाले डब्यात आनंदानं देतात, उलट दोन पळ्या जास्तच पडतात.

'विघटनशील' असं लिहिलेल्या पिशव्याही वेगळ्या ठेवा. त्या चांगल्या की वाईट हा वाद बाजूला, पण साध्या पिशव्यांत मिसळल्या तर दाणा बिघडतो.

गल्लीला सांगायचं कसं

व्हॉट्सॲपवर संदेश टाकला की काम झालं असं समजू नका. अंगठे खूप येतात, पिशव्या येत नाहीत. तालमीचा फळा अजून चालतो, येता-जाता सगळे वाचतात. पण खरं काम भिशीत आणि बचत गटात होतं. भिशीच्या दिवशी पंचवीस बायका एकत्र बसलेल्या असतात, तिथं दुधाची पिशवी कापून, धुऊन, दोरीला लावून दाखवायची. पाच मिनिटं. संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून कापडी पिशवी दिली तर आणखी बरं.

घरोघर जाल तेव्हा जोडीनं जा, एक पोरगं आणि एक वयानं मोठं माणूस. सांगण्यासारख्या गोष्टी तीनच: काय आणायचं, कसं आणायचं, कधी आणायचं. 'पृथ्वी वाचवा' नको. दारात उभ्या असलेल्या माणसाला पृथ्वीपेक्षा गॅसवरची कढई जवळची असते. लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "टिपरमध्ये शेवटी सगळं एकत्रच करतात की, मग आम्ही कशाला वेगळं करायचं?" उत्तर: म्हणूनच हे टिपरमध्ये जाणार नाही, अमक्या गोदामात जाणार आहे, हवं तर गाडीबरोबर चला. दोघेजण खरंच आले होते, आणि तेच आता वजनकाट्यावर बसतात. दुसरा प्रश्न, "बंदी आहे न्हवं? पिशव्या आणल्या तर दंड करतील." महाराष्ट्रानं मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आणली. दंड पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,०००. जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायचे कप, प्लेट, चमचे, स्ट्रॉ अशा वस्तूंवरही बंदी आहे. तरी गल्लीत त्या पिशव्या आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. आणणाऱ्याला "ही कुठनं आली?" म्हणून टेबलावर अडवलंत तर पुढच्या महिन्यात तो ती नाल्यात टाकेल. घ्या, गप्प बसा.

बंबाचं मात्र बोला. पाणी तापवायला बंबात घातलेली पिशवी "लवकर पेटते" म्हणून घालणारी घरं अजून आहेत. चुलीतही घालतात. तो धूर आधी त्याच घरातल्या लेकरांच्या छातीत जातो. हे मात्र टेबलावर उभं राहून सांगू नका. त्या घरी जा, चहा घ्या, मग सांगा.

जागा, सामान, दिवस

जागा छप्पर असलेली, लोकांच्या वाटेवरची आणि किल्ली विश्वासू माणसाकडं असलेली हवी. तालमीची खोली, समाजमंदिर, अपार्टमेंटचं पार्किंग, देवळाचा ओटा चालेल. शाळा मिळाली तर उत्तम, पण रविवारी किल्ली कुणाकडं हे आधी विचारा.

सामान फार लागत नाही. युरियाची किंवा साखरेची रिकामी पोती, सुतळी, ताणकाटा, जाड हातमोजे, वही, जमिनीवर अंथरायला ताडपत्री, पाण्याची बादली, साबण. पोत्यांवर मोठ्या अक्षरात चिठ्ठ्या लावा: 'दूध पिशवी', 'मऊ पिशवी', 'बाटली', 'कडक'. शब्दाशेजारी खरीच एक पिशवी, एक बाटली टाचा. आजोबांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि पोरं वाचतच नाहीत.

दिवस रविवार, पण वेळ सांभाळा. रविवारी सकाळी साडेनऊनंतर निम्मं कोल्हापूर मटणाच्या दुकानापुढं रांगेत असतं. आठ ते साडेनऊ ही वेळ साधली. लोक येताना पिशव्या टाकून, तसेच डबा घेऊन मटणाला जातात. फुटबॉलचा हंगाम असेल तर आधी सामन्यांचं वेळापत्रक बघा. शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीची मॅच असली की त्या दिवशी एक पोरगं मिळणार नाही, आणि हरली तर दुसऱ्या दिवशीही नाही.

त्या दिवशी

आठ-दहा माणसं पुरतात. एक माणूस दारात. हा सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो गोड बोलणारा पण ठाम असावा. आणलेली पिशवी त्यानं तिथंच उघडून बघायची. नको ती वस्तू असेल तर हसत परत द्यायची: "काकी, एवढं पुढच्या वेळी नको, घरीच टिपरला द्या." पहिल्याच दिवशी 'असू दे, ठेवा' म्हटलं की संपलं, तुमची खोली म्हणजे उकिरडा. आमच्याकडं हे काम एक निवृत्त एसटी कंडक्टर काका करतात. आयुष्यभर लोकांना "पुढं सरका" म्हणण्यात गेलंय, त्यांना कुणी फसवू शकत नाही.

दुसऱ्यानं वजन करायचं, तिसऱ्यानं वहीत लिहायचं. घराचं नाव आणि ग्रॅम. बाकीच्यांनी ताडपत्रीवर वेगळं करायचं. बाटली घेत असाल तर टोपण काढून पायानं चपटी करायची, नाहीतर पोत्यात फक्त हवा भरते. लिटरच्या चाळीस-पन्नास बाटल्यांचा किलो होतो, पण न चेपलेल्या असतील तर एवढ्यानं जागा किती अडते ते एकदा करून बघाच. टेम्पोचं भाडं वजनाला नसतं, खेपेला असतं. छोटा हत्ती हवेनं भरला आणि भाडं मालाच्या किमतीपेक्षा जास्त झालं, हे आमच्याबरोबर घडलंय.

लहान पोरांना वर्गीकरणाला बसवू नका. पोत्यात काच निघते, ब्लेड निघतं. त्यांना बादलीतली परीक्षा द्या, चिठ्ठ्या लिहायला द्या. कापलं तर धुवून लगेच दवाखान्यात, धनुर्वाताचं इंजेक्शन.

साडेनऊला दार बंद म्हणजे बंद. दहाला एक माणूस स्कूटरवर पोतं घेऊन येतोच येतो. त्याला पुढची तारीख सांगा.

वजन, पैसे आणि फळा

माल गेला की गोदामवाल्याकडनं चिठ्ठी घ्या: प्रकार, वजन, रक्कम. ती चिठ्ठी फळ्याला लावा. आपल्या वहीतलं वजन आणि त्याचं वजन यांत थोडा फरक पडतो, ओल आणि कचरा धरून. फार पडला तर विचारा. पैसे कितीही थोडे असोत, त्याच दिवशी फळ्यावर लिहा: आले इतके, टेम्पोला इतके, मावशींच्या मजुरीला इतके, शिल्लक इतकी. कोल्हापुरात वर्गणीच्या हिशेबावरनं तालमी फुटल्याच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो. तिथं शंभर रुपयांच्या पिशव्यांवरनं भांडण व्हायला वेळ लागत नाही. शिल्लक नसेल, खरं तर बहुतेक नसतेच, तर तेही लिहा. आमच्या फळ्यावर एका महिन्यात 'शिल्लक उणे ८० रुपये' लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ८० रुपये आणून दिले. नाव सांगितलं नाही.

'कुणी जास्त दिलं' अशी स्पर्धा मात्र लावू नका. आम्ही लावली. पहिला आलेल्या घरानं दुकानातनं पिशव्या गोळा करून आणल्या होत्या. बक्षीस द्यायचंच असेल तर ज्या घरातलं वजन महिन्यागणिक कमी होतंय त्याला द्या: बरणी घेऊन सुटं तेल आणणाऱ्याला, बाजाराला कापडी पिशवी नेणाऱ्याला. वही असली की हे कळतं.

दुसरा महिना, सहावा महिना

तारीख बदलू नका. महिन्याचा पहिला रविवार ठरला की तो दिवाळीतही पहिला रविवारच. लोकांच्या हाताला सवय तारखेनं लागते. दुसऱ्या महिन्यात माल पहिल्यापेक्षा कमी येतो, घाबरू नका. पहिल्या वेळी लोकांनी माळ्यावरचं, पलंगाखालचं वर्षांचं साठलेलं आणलेलं असतं. तिसऱ्या महिन्याचा आकडा हा तुमच्या गल्लीचा खरा आकडा.

गणपतीत आणि लग्नसराईत वेगळी तयारी. मांडवात जेवणावळ असेल तर आधीच मंडळाकडं जा आणि पाण्याच्या छोट्या बाटल्यांऐवजी जार आणि स्टीलचे पेले ठेवता येतील का विचारा. पेले धुवायला माणूस लागतो, त्याचा खर्च मंडळानं धरला तरच हे जमतं. निर्माल्यातनं प्लास्टिकच्या पिशव्या आणि नकली हार वेगळे काढायचं काम विसर्जनाच्या दिवशी नाही होत. विसर्जनाला येणाऱ्याच्या हातात घरूनच सुटं निर्माल्य हवं, हे आठवडाभर आधी फळ्यावर लिहा.

पावसाळ्याचं शेवटी सांगते, कारण पहिल्या वर्षी ते आमच्याही शेवटीच लक्षात आलं होतं. जून ते सप्टेंबर इथं दोरीवरची पिशवी वाळत नाही. ओली पिशवी गोदामवाला घेत नाही, घेतली तर वजन कापतो. म्हणून पावसाळ्याआधीची शेवटची फेरी मोठी करून खोली झाडून रिकामी करा, आणि पावसाळ्यात दोन महिन्यांतून एकदाच, फक्त कडक माल घ्या. दुधाच्या पिशव्या लोकांनी धुऊन, पंख्याखाली वाळवून घरातच एका पिशवीत ठेवायच्या. महिन्याच्या साठ पिशव्या दाबून ठेवल्या तर त्यांना एका डब्याएवढीही जागा लागत नाही.

खोली सखल भागात असेल तर एवढीही जोखीम घेऊ नका. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. आमचा नियम असा की आकडा ३५ च्या वर गेला की खोलीत एक पोतं राहायचं नाही. त्या दिवशी कंडक्टर काका रविवार-सोमवार बघत नाहीत, सकाळीच किल्ली घेऊन दारात उभे असतात.